विटारा : नाव तेच, हाडं वेगळी

नाव तसंच ठेवून गाडी आतून किती बदलता येते? विटाराकडे पाहा.

१९८८ साली सुझुकीने जपानात ‘एस्कुडो’ आणली. परदेशांत तीच विटारा. दिसायला शहरी, पण खाली ट्रकसारखी शिडीची चासी आणि कठीण चढणीसाठी लो-रेंज गिअर. २००५च्या ग्रँड विटारात ही शिडी बॉडीतच सामावून घेतली. २०१५च्या विटारात शिडी गेली, लो-रेंजही गेला. इंजिन आडवं बसलं आणि गाडी मुळात पुढच्या चाकांवर चालू लागली. २०१६मध्ये आपल्याकडे आलेल्या विटारा ब्रेझाला तर फोर व्हील ड्राइव्ह नव्हतीच.

यात फसवणूक काही नाही. शिडी गेली की वजन घटतं, पेट्रोल वाचतं, वळणावर गाडी कमी झुलते. पणजीला रोज कचेरीत जाणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला आणखी काय हवं? उंच बसायला मिळालं, खड्ड्यात बूड घासलं नाही, बस्स!

पण माझा थोरला भाऊ सध्या गाडी शोधतोय. त्याच्या कुळागरात जायचं तर पावसाळ्यात ओहोळ ओलांडावा लागतो, पुढे चिखलाची चढण. कुळ्याहून दूधसागरला दगडगोट्यांतून, पाण्यातून जाणाऱ्या जीपगाड्या आठवा. तसल्या वाटेला जुनीच हाडं लागतात. २०२३मध्ये भारतात आलेल्या पाच दारांच्या जिम्नीत ती आहेत, शिडीही आणि लो-रेंजही.

निवृत्तीची पुंजी एकदाच मिळते. म्हणून भावाला म्हटलं, "दादा, नाव मागाहून बघ. आधी वाकून खाली बघ."