डोळा आणि डोरा

माझ्या टीममधल्या निम्म्या मुली आणि दोन मुलगे सध्या एकाच तऱ्हेच्या इंग्रजी कादंबऱ्या वाचतायत. नायिका अठरा-एकोणीस वर्षांची, नुकतीच युनिव्हर्सिटीत आलेली. तिला स्वतःचं काहीतरी खुपतंय. शरीर, घर, नाहीतर आधीचं एखादं प्रकरण. मग तो भेटतो. साडेतीनशे पानांनंतर तो तर मिळतोच, शिवाय ती स्वतःलाही आवडायला लागते. याला ‘न्यू अडल्ट रोमान्स’ म्हणतात. मी चार वाचल्या. हसू नका, तिसरी चांगली होती.

याच वयाची, याच दुखण्याची मराठी गोष्ट शोधायला गेलं की पंचाईत होते. ‘कोसला’तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला येतो, तिथवर तो आपलाच. पण त्याचं प्रेमाचं खातं जवळजवळ कोरं. ‘दुनियादारी’त प्रेमही आहे आणि कट्टाही. पण तिथल्या कुणाला तोंड उघडण्याआधी आपले उच्चार तपासावे लागलेत, असं काही वाचल्याचं मला आठवत नाही.

जवळची वाटली ती सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’. विशीत लिहिलेली, २००६ साली आलेली. पुण्यातल्या एका घरात भाडेकरू येतो आणि तनय व अनुजा, भाऊ आणि बहीण, दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. तो अनुजाबरोबर निघून जातो तेव्हा घरातले तिच्यासाठी रडू शकतात. तनयला रडण्यासाठी कारण सांगता येत नाही. कलम ३७७ वरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१८चा, म्हणजे पुस्तकानंतर बारा वर्षांनी. २०२२ साली कुंडलकरांनीच त्यावर सिनेमा केला, पण गोष्ट पुण्यातून थेट कोचीला नेली. मला पुस्तकच जवळचं. त्यात ‘स्वतःचा स्वीकार’ असा कुठला सोहळा होत नाही. मनातलं मनातच ठेवून माणूस जेवायला बसतो.

माझं दुखणं तनयपुढे किरकोळ आहे. मी नागभीडचा. आमच्या झाडीबोलीत ‘ळ’ नाही, ‘ण’ही नाही. डोळ्याला डोरा, काळ्याला कारा, पाण्याला पानी. नागपूरपर्यंत ‘छोटी लाइन’ होती (२०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली), त्या डब्यात कुणाला यात काही वावगं वाटायचं नाही. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्याच आठवड्यात वाटलं.

तिसऱ्या वर्षी एका मुलीशी जमलं. ती पुण्याचीच. तिला माझ्या तोंडून ‘डोरा’ ऐकायला फार आवडायचं. मित्रमैत्रिणींसमोरही म्हणायला लावायची. त्यात हेटाळणी नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण ज्याला कुणी ‘किती गोड’ म्हणतं, ते मग साधेपणाने करता येत नाही. एकटं असताना मी तिच्याशी स्वच्छ ‘ळ’ लावून बोलायचो आणि चारचौघांत फर्माइशीवर ‘डोरा’ म्हणायचो. शेवटच्या वर्षी प्लेसमेंट झाल्या, ती बंगळुरूला गेली, आणि आमचं भांडण न होताच संपलं.

त्या चार कादंबऱ्यांशी माझं जुळत नाही ते इथे. त्यांना वाटतं, आत एक खरा माणूस दडलेला असतो आणि प्रेम त्याच्यावरची साल काढतं. मी मायशी फोनवर ‘पानी’ म्हणतो, फोन ठेवला की रूममेटकडे ‘पाणी’ मागतो. यातली साल कोणती? दोन्ही मीच बोलतो, आणि दोन्ही वेळा तहान लागलेली असते.

खरं तर यात पुण्यालाच धरणंही बरोबर नाही. दिवाळीनंतर आमच्याकडे रात्र-रात्र नाटकं चालतात. वडशाच्या कंपन्या येतात, मंडप भरतो, थंडीत लोक ब्लँकेट घेऊन बसतात. मी लहानपणी पाहिलेल्या नाटकांत नायक-नायिका प्रमाण मराठीत प्रेम करायचे. झाडीबोली यायची ती विनोदी पात्राच्या वाट्याला. आम्हीही पोट धरून हसायचो. आपल्या भाषेत रुसता येतं, शिव्या देता येतात, पण ‘तू मला आवडतेस’ म्हणायला दुसरीकडून शब्द आणावे लागतात, हे आम्ही त्या मंडपातच शिकलो.

मला वाचायची आहे ती कादंबरी अशी : ब्रह्मपुरीच्या कॉलेजातली एक मुलगी, तळोधीचा एक मुलगा, नाटकाचा मंडप, पहाटेचे तीन. ती त्याच्या कानात झाडीबोलीत काहीतरी म्हणते आणि आजूबाजूचं कुणीही हसत नाही. आणि वडशाच्या एखाद्या कंपनीने कादंबरीआधीच हे स्टेजवर करून टाकलं, तर मी पुण्याहून रजा काढून येईन. ब्लँकेट आणेनच.