ठिणगीची वेळ

मोटारीच्या एंजिनांत ठिणगी केव्हां पडावी, असें विचारल्यास बहुतेकजण सहज सांगतील कीं, पिस्टन माथ्यावर पोंचेल त्या क्षणीं. वस्तुस्थिति मात्र निराळी आहे. ठिणगी पडतांच हवा व पेट्रोल यांचें सर्व मिश्रण एकदम पेटत नाहीं. ज्योत एका जागेपासून सर्वत्र पसरण्यास सेकंदाचे कांहीं सहस्रांश लागतात. एंजिन मिनिटास 3000 फेरे घेत असेल, तर सेकंदाच्या एका सहस्रांशांत क्रँक 18 अंश फिरून जातो! म्हणून पिस्टन माथ्यावर पोंचण्यापूर्वींच ठिणगी पाडावी लागते. तेव्हां कोठें तो खालीं निघतांना जळत्या वायूचा पूर्ण जोर त्यावर बसतो.

हें आम्ही पुस्तकांत वाचलें होतें. त्याचें महत्त्व मात्र आंबोलीच्या घाटांत कळलें. आमचे मामा सावंतवाडीस असतात. त्यांच्या जुन्या जीपमधून एके दिवशीं आजारी आजीस बेळगांवच्या रुग्णालयांत न्यावयाचें होतें. आदल्याच दिवशीं जीप एका कारखान्यांतून दुरुस्त होऊन आली होती व सपाट रस्त्यावर ती विलक्षण चपळ वाटत होती. परंतु घाट लागला, आणि डब्यांत खडे घालून हालवावे तसा एंजिनांतून आवाज येऊं लागला. मामांनीं गाडी कडेस घेतली.

“ठिणगी फार लवकर पडते आहे रे,” मामा म्हणाले. “पिस्टन वर चढतोय, आणि जाळ त्याला खालीं रेटतोय. असाच घाट चढलों तर पिस्टन फुटेल, आणि आई वाटेंतच राहील.”

आजीस सावलींत बसवून आम्ही कामास लागलों. मामांनीं डिस्ट्रिब्यूटरचें टोपण काढून पॉइंटची फट मोजली. ती इंचाच्या 20 सहस्रांशांइतकी, म्हणजे बरोबर होती. आम्हीं हँडल हळूहळू फिरवून रोटर पहिल्या सिलिंडरच्या दिशेस आणला व माथ्याआधींच्या 5 अंशांची खूण जुळविली. मग मामांनीं लहान दिव्याची एक तार डिस्ट्रिब्यूटरच्या खिळीस व दुसरी गाडीच्या सांगाड्यास जोडली, आणि किल्ली फिरविली. पॉइंट उघडतांच दिवा पेटावयाचा, व तोच ठिणगीचा क्षण. डिस्ट्रिब्यूटर केंसाकेंसानें फिरवीत दिवा नेमका त्या खुणेवर पेटला, तेव्हां मामांनीं पट्ट्याचा बोल्ट आवळला.

“आणखी थोडें मागें घेतलें तर अधिक सुरक्षित नव्हे का?” आम्हीं विचारलें.

“उशिरा पडली तर जोर वायां जातो, आणि एंजिन तापतें. घाटांत तेंही परवडत नाहीं.”

उरलेला चढ जीप निमूटपणें चढली, आणि दुपारीं आजी रुग्णालयांत पोंचली.

एंजिनाचा वेग वाढला कीं ठिणगीही अधिक आधीं पडावी लागते. फोर्डच्या 1908 ते 1927 या काळांतील ‘मॉडेल टी’ गाडींत हें काम चालक स्वतः एका दांड्यानें करी. मामांच्या जीपमध्यें तें डिस्ट्रिब्यूटरमधील फिरतीं वजनें करितात, व आजच्या गाड्यांत विद्युत्-यंत्रणा. साधनें बदललीं, हिशेब तोच राहिला. विद्यार्थिमित्रहो, ज्या कामाचें फळ वेळेवर हवें, त्याचा आरंभ वेळेआधीं व्हावा. मात्र किती आधीं, हें मोजूनच ठरवावें.