गळलेली व्यंजनं

बहिऱ्या माणसावर हशा घेणं सोपं असतं. रंगमंचावर एक म्हातारा आणायचा, त्याला काही विचारायचं आणि त्याने भलतंच उत्तर द्यायचं. आम्हा एकांकिकावाल्यांचं हे हुकमी पान. डेव्हिड लॉज यांची २००८ सालची ‘डेफ सेंटेन्स’ ही कादंबरी वाचल्यापासून मात्र हे पान मला अर्धंच वाटतं.

नायक डेस्मंड बेट्स हा भाषाशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. एका गजबजलेल्या समारंभात एक तरुणी त्याच्याशी बोलत राहते. त्याला काही ऐकू येत नाही, तो नुसती मान डोलावतो आणि कशाला होकार दिला ते नंतर कळतं. लॉज आपल्याला त्याच्या कानाशी बसवतात, समोरच्या खुर्चीत नव्हे. गंमत तिथून सुरू होते.

वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स्वर उरतात, व्यंजनं गळतात. ‘ताप आलाय’मधला त गेला की हाती ‘आप आलाय’ उरतं. काल कुंपणाशी सापाची कात दिसलेली असते, म्हणून म्हातारा काठी शोधायला उठतो. त्याचं चुकतं ते अतिहुशारीने. बेट्सला तर ही सगळी यंत्रणा शिकवण्याइतकी ठाऊक, तरी उपयोग शून्य. लॉज यांची खरी खोडी हीच. (त्या तरुणीचं पुढचं प्रकरण मला जरा ओढूनताणून वाटतं.)

लंडनमध्ये एकटे राहणारे बेट्सचे वडील नव्वदीला टेकलेले, एके काळी नृत्याच्या बँडमध्ये वाजवणारे आणि आता तेही कानाने अधू. दोन बहिरे बोलू लागले की आपण हसतो. मग पानागणिक हसू ओसरत जातं. लॉज यांचे वडीलही बँडवालेच. लॉज यांना स्वतःला कमी ऐकू येऊ लागलं ते बर्मिंगहॅमला शिकवत असतानाच, आणि १९८७ मध्ये त्यांनी विद्यापीठ सोडलं. हे सगळं त्यांनी रडगाणं न करता वापरलं, याचा मला हेवा वाटतो.

हल्ली संहितेत असा म्हातारा आला की मी वहीत त्याचं ऐकणं आधी लिहितो: विचारलेला प्रश्न, त्यातून त्याच्यापर्यंत पोचलेले तुकडे, त्याने जुळवलेला प्रश्न आणि मग उत्तर. मधले दोन टप्पे प्रेक्षकांना ऐकू येत नाहीत. नटाला ते लागतात, नाहीतर तो उत्तर फार लवकर देऊन मोकळा होतो.