होमस्टेडरला मराठी शब्द

कर्जतच्या आमच्या महाविद्यालयात परवा अनुवादाच्या तासाला एक उतारा घेतला होता. त्यातला माणूस अमेरिकेत आलेला स्थलांतरित, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात सेवा केलेला आणि पुढे ‘होमस्टेडर’ झालेला. या शेवटच्या शब्दाशी वर्ग अडला. ‘शेतकरी’ म्हणावे, की ‘वसाहतकार’? एकही प्रतिशब्द पुरेना.

मी माहिती दिली. १८६२च्या होमस्टेड कायद्याने, नागरिकत्वाचा इरादा जाहीर करणाऱ्या परदेशी माणसालाही १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळे. अट पाच वर्षांच्या वास्तव्याची आणि लागवडीची. १९४४च्या कायद्याने युद्धसेवेचा काळही काही मर्यादेत वास्तव्यात धरला. म्हणजे विमानात काढलेले दिवस जमिनीवर राहिल्याचे ठरले!

खालापूरकडच्या एका ठाकरवाडीतून येणारी विद्यार्थिनी म्हणाली, “सर, त्याच्याआधी तिथं कोण राहत होतं?”

उत्तर मला ठाऊक होते. माझ्या टिपणात मात्र ते नव्हते. तिच्या आजोबांचा वनजमिनीचा दावा कागदाअभावी अडला आहे. २००६च्या वनहक्क कायद्याला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा लागतो; मर्यादा ४ हेक्टरांची. पण नियमांनुसार वृद्धांचा जबाब, विहिरी, दफनभूमी हेही पुरावेच आहेत. मौखिक परंपरेवर वर्षानुवर्षे व्याख्याने देणाऱ्या मला हे तिच्याकडून कळावे!

असो. सध्या रविवारी आम्ही दोघे आजोबांचे बोलणे उतरवून घेतो. प्रतिशब्द अजून सापडलेला नाही.