लोणारचा दगड व त्याचें चूर्ण

वऱ्हाडांतील लोणारचें सरोवर लवणासुराच्या आख्यायिकेमुळें वाचकांस ऐकून ठाऊक असेलच. बुलढाणा जिल्ह्यांतील हें सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें विवर ज्वालामुखीचें नसून आकाशांतून पडलेल्या पाषाणाच्या आघाताचें आहे, हें आघातानें कांच झालेल्या खनिजांच्या पुराव्यावरून शास्त्रज्ञांनीं १९७३ सालीं दाखवून दिलें.

दैत्यसूदनाचें दर्शन घेऊन आम्ही सरोवराकडे निघालों, तेव्हां बरोबरच्या मुलांनीं वाटेवरचे दोन काळे दगड एकमेकांवर घांसले. पीठ पडलें तें राखी रंगाचें! दगड काळा, मग त्याचेंच चूर्ण फिकें कां, असा त्यांचा प्रश्न.

ह्याचें उत्तर गृहिणींच्या नित्य अनुभवांतलें आहे. खडीसाखरेचा खडा पारदर्शक असतो. तोच खलांत कुटला कीं शुभ्र दिसतो. त्यांत नवा पदार्थ मिसळत नाहीं, केवळ पृष्ठभाग वाढतात. आणि प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर प्रकाश वळतो, उडतो व विखुरतो. अखंड दगडांत शिरलेला प्रकाश खोल जातो व तेथील लोहयुक्त खनिजें त्यास गिळून टाकतात. चूर्णांत मात्र थोडी वाट चालतांच तो विखरून बाहेर पडतो. म्हणून चूर्ण उजळ. त्यावर पाणी शिंपडावें, तर कणांमधील पोकळी भरून विखुरणें मंदावतें, प्रकाश पुन्हां खोल जातो आणि चूर्ण काळवंडतें.

हा प्रश्न केवळ मुलांच्या कुतूहलाचा नाहीं. या दगडांतील पायरॉक्सिन हें खनिज तांबड्या रंगाच्या पलीकडील, सुमारें १ मायक्रोमीटर लांबीच्या अदृश्य प्रकाशलहरी शोषून घेतें. परावर्तित प्रकाशाच्या आलेखांत तेथें जो खळगा पडतो, तीच त्याची खूण. चूर्ण फार बारीक झालें कीं हा खळगा उथळ होतो. दुरून पाहणारा म्हणेल, खनिज कमी आहे. वस्तुतः तें तेवढेंच असतें. २००८ सालीं निघालेल्या चांद्रयान-१ वरील वर्णपटमापक यंत्रानें चंद्राची अशीच दुरून परीक्षा केली. चंद्रावर दिसणारे काळे डाग आपल्या सह्याद्रीप्रमाणें बेसॉल्टचेच, पण बारीक धुळीनें झांकलेले. तेव्हां ओळखीचे दगड कुटून, चाळून, प्रत्येक प्रतीच्या चूर्णाचा प्रकाश आधीं मोजल्यावांचून तेथील खनिजांचें माप सांगणें धाडसाचें ठरतें.

लोणारचा दगड बेसॉल्टचा असून शिवाय आघात सोसलेला. म्हणून चंद्राशीं ताडून पाहण्यास तो विशेष उपयोगी. यात्रेस जाणाऱ्या वाचकांनीं मंदिराच्या शिल्पाबरोबर पायांखालच्या धुळीकडेही अवश्य पाहावें. विवरांतील दगड मात्र तेथेंच राहूं द्यावा.