राणीच्या डब्यांतील सोबती
१९३० सालीं सुरू झालेल्या दख्खनच्या राणीनें मी कामानिमित्त आठवड्यास दोनदां पुण्याहून मुंबईस जातों. खंडाळ्याच्या घाटांत धबधबे पाहावे, तों मांडीवरील ३ किलोंचा गेमिंग लॅपटॉप शेगडीसारखा तापे. चार्जर म्हणजे तर निराळी वीटच! खांदा दुखूं लागला, पण तो टाकवेना. मुक्कामावरून रात्रीं चिरंजीव नि पुतणे यांच्याशीं डाव मांडण्याचें तेंच साधन होतें! अखेर १४ इंची, दीड किलोंचा घेतला. विमानांत विशेष परवानगीवांचून १०० वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेतां येते, हेंही पडताळलें. वेग किंचित् उणा. परंतु लेखनकाम यूएसबी-सीच्या लहानशा चार्जरवर भागतें. वाचकहो, यंत्र निवडतांना खांद्याचाही सल्ला घ्यावा. आतां घाट डोळे भरून पाहतों, आणि रात्रींचा डावही चुकत नाहीं!