फंक्शन्स डॉट पीएचपी

ब्राउझरच्या वरच्या पट्टीत हिचं नाव कधी दिसत नाही. तिथे लॉगिन, कार्ट, ऑर्डर अशी मिरवणारी मंडळी असतात. पण त्यांतलं कुठलंही पान एडिटरमध्ये उघडा, पहिल्या दोन-चार ओळींत हिला हाक मारलेली दिसेल: रिक्वायर_वन्स, फंक्शन्स डॉट पीएचपी. थेट हिच्या पत्त्यावर गेलात तर बहुधा कोरं पान समोर येतं. कामं सगळी येतात, पण बोलावल्याशिवाय एकही करायचं नाही, हा बाणा.

अंगाने थोराड. सुरुवातीला हिच्यात दोनच फंक्शनं असतात, एक डेटाबेसला जोडणारं आणि एक तारीख आपल्या पद्धतीने छापणारं. मग कुणीतरी रुपयांचे स्वल्पविराम घालणारं आणून ठेवतं, कारण पीएचपीचं नंबर_फॉरमॅट तीन-तीन आकड्यांचे गट पाडतं आणि आपल्या १,००,००० चे १००,००० करून टाकतं. मग मेल पाठवणारं, फोटो लहान करणारं. चेकयूजर, चेकयूजर२ आणि चेकयूजर_न्यू या तिघी शेजारीशेजारी नांदतात. त्यांतली खरी कामाची कोण, हे विचारू नये. तिघींनाही कुठल्या ना कुठल्या पानाचं बोलावणं असतं.

एचटीएमएलच्या साध्या पानाला दुसऱ्या फाइलचा तुकडा आपल्यात ओढून घेता येत नाही. त्यामुळे तळातलं कॉपीराइटचं सालही पानोपानी जाऊन बदलावं लागे. १९९५ मध्ये रासमुस लेरडॉर्फने पीएचपी लोकांपुढे ठेवली, आणि पुढे हे ओढून घेण्याचं काम त्या भाषेत इन्क्लूडकडे आलं. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एएसपीतही हिची चुलत बहीण होती. तिचं बोलावणं मात्र स्क्रिप्ट सुरू होण्याआधीच उरकलेलं असे. ‘इफ’च्या दोन्ही फांद्यांत वेगवेगळी फाइल घातली तरी दोघीही हजर. पीएचपीतली ही त्या मानाने शिस्तीची. हाकेची ओळ येईपर्यंत जागची हलत नाही.

खरा स्वभाव कळतो तो ती आल्यावर. लग्नघरी बोलावलेला आचारी घरातलीच भांडी वापरतो, तशी ही ज्या ओळीवर येते तिथलेच व्हेरिएबल हाताळते. फंक्शनच्या आत जे चालतं ते झाकलेलं असतं. पण फंक्शनबाहेर कुणी मोकळा कोड लिहून ठेवला असेल, तर तुमचा चालू लूप मोजणारा आय ती बिनदिक्कत शून्यावर आणते. मग तुम्ही लूप तपासत बसता, आणि लूपमध्ये काही चुकलेलंच नसतं.

बोलावण्याचीही तऱ्हा असते. इन्क्लूडने हाक मारली आणि ती सापडली नाही, तर पीएचपी इशारा छापून पुढे चालू लागतं. रिक्वायर मात्र तिथेच थांबतं. पासवर्ड तपासणाऱ्या फाइलला इन्क्लूडने बोलावणारे लोक मला धाडसी वाटतात. दोनदा बोलावलं तर एकच फंक्शन दुसऱ्यांदा जाहीर केल्याबद्दल सगळं काम बंद पडतं, म्हणून ते ‘वन्स’चं शेपूट.

हिची सगळ्यांत छळणारी खोड म्हणजे वेळेआधी तोंड उघडणं. शेवटच्या पीएचपी खुणेनंतर चुकून एखादी स्पेस राहिली, की ती रिकामी स्पेसही आधी ब्राउझरकडे रवाना होते. मग लॉगिननंतर दुसऱ्या पानावर पाठवू पाहावं, तर ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’. संदेशात फाइलचं नाव आणि ओळीचा आकडा दोन्ही असतात, पण त्या ओळीवर बघायला काहीच नसतं! नुसत्या पीएचपीच्या फाइलीत ती शेवटची खूण लिहूच नये, हा नियम त्यातूनच रूढ झाला.

गुपितं सांभाळण्यातही ती स्वतःहून हुशार नाही. पूर्वी अशा फाइलींना डॉट आयएनसी शेपूट लावायची पद्धत होती. ते शेपूट पीएचपीचं आहे हे सर्व्हरला सांगितलेलं नसलं, की तो डेटाबेसच्या पासवर्डासकट सगळा मजकूर जसाच्या तसा वाढून देई. त्याहून भयंकर म्हणजे यूआरएलमधून आलेलं नाव तसंच इन्क्लूडला देणं. मग परक्या सर्व्हरवरची फाइलही घरात शिरे. २००६ च्या पीएचपी ५.२ पासून हे दार मुळातच बंद असतं, मुद्दाम उघडलं तरच उघडतं. आपल्याच सर्व्हरवरची भलती फाइल मागवायची वाट मात्र त्याने बुजत नाही. तिथे नावांची यादी आपणच ठरवावी लागते.

२०१२ मध्ये बाहेरच्या लायब्ऱ्या आणून जोडणारं कंपोजर आलं, आणि हिचे दिवस भरले असं बरेच जण म्हणू लागले. त्याच्या मदतीने क्लास आता लागेल तेव्हा आपोआप हुडकला जातो. फंक्शनांना ही सोय नाही. म्हणून कंपोजरच्या जेसन फाइलीत ‘फाइल्स’ नावाची वेगळी यादी ठेवता येते, आणि तिच्यातल्या प्रत्येकीला दर विनंतीला, लागो वा न लागो, बोलावणं जातं. लाराव्हेल फ्रेमवर्क वापरणाऱ्यांच्या त्या यादीत पुष्कळदा हेल्पर्स डॉट पीएचपी नावाची एक असते. तिच्यात चेकयूजर२ अजून आलेली नसेल, तर प्रकल्प नवा आहे.